पुनःस्थापनेची परिभाषा : अरबी ओरिक्सविषयक संशोधनाचा परामर्श

वन्यप्राण्यांच्या रक्षणासंबंधीचे संशोधन हा प्राणिशास्त्राचा प्रांत होय. भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने त्यात शिरू नये, असा आक्षेप प्रथमदर्शनी कोणीही घेईल. परंतु प्रत्येक शास्त्र आपल्या परिभाषेतून विचार करते, आणि परिभाषा जे सांगते त्याइतकेच ती जे गाळते तेही परीक्षणीय असते. अरबी ओरिक्स या वाळवंटी कुरंगाच्या पुनःस्थापनेविषयीचे लेखन या दृष्टीने तपासण्याजोगे आहे.

प्रथम वृत्तान्त पाहू. हा प्राणी नष्ट होणार अशी चिन्हे दिसू लागताच १९६२ साली फॉना प्रिझर्व्हेशन सोसायटीने एडनच्या संरक्षित प्रदेशात मोहीम पाठवून काही ओरिक्स जिवंत पकडविले. त्यांत इतरत्र पाळलेल्या ओरिक्सांची भर पडून अमेरिकेतील फीनिक्सच्या प्राणिसंग्रहालयात नऊ प्राण्यांचा ‘जागतिक कळप’ उभा राहिला. ही दूरदृष्टी व्यर्थ गेली नाही. कारण १९७२ साली ओमानमधील जिद्दत अल-हरासीस या पठारावर शेवटचे मुक्त ओरिक्स मारले गेले. त्याच पठारावर यालूनी येथे १९८२ साली दहा ओरिक्स पुन्हा मोकळे सोडण्यात आले. या प्रयोगावर मार्क स्टॅन्ली प्राइस यांनी लिहिलेला ग्रंथ १९८९ साली केंब्रिजहून प्रसिद्ध झाला. या विषयातील तो पायाभूत ग्रंथ मानावा लागेल.

ग्रंथाचे गुण निर्विवाद आहेत. सुटे प्राणी रानात सोडून भागत नाही. आधी कुंपणात त्यांचा एकजीव कळप बनला पाहिजे आणि तो कळपच मोकळा केला पाहिजे, हे तत्त्व येथे प्रत्यक्ष प्रयोगाने मांडलेले आहे. एकेका प्राण्याची ओळख ठेवून केलेल्या दीर्घकालीन नोंदी हे त्याचे दुसरे बळ. पुढे मार्शल आणि स्पॉल्टन यांनी २००० साली याच कळपाच्या आनुवंशिकतेचा अभ्यास केला. निकटसंबंधी संकर आणि अतिदूरचा संकर हे दोन्ही पाडसांच्या जगण्यास बाधक ठरू शकतात, असा सूक्ष्म निष्कर्ष त्यांनी काढला.

आता दुसरी बाजू. १९९६ साली ओरिक्सांची संख्या सुमारे ४५० पर्यंत गेली होती. त्याच वर्षी खासगी संग्रहांना विकण्यासाठी जिवंत ओरिक्स पकडून नेण्यास आरंभ झाला. १९९८ च्या सप्टेंबरात अंदाजे १३८ उरले, व त्यांत माद्या अवघ्या २८. २००७ साली ही संख्या ६५ वर आली. ओमानने अभयारण्याचे क्षेत्र नव्वद टक्क्यांनी घटविले, आणि १९९४ साली जागतिक वारसा यादीत आलेले हे स्थान त्या यादीतून वगळले गेले. यादीतून वगळलेले ते पहिलेच स्थान. कळपाला न दुष्काळाने मारले, न रोगाने, न संकराच्या दोषाने. त्याला बाजाराने मारले. आणि बाजार हा या संशोधनाच्या मोजमापात नव्हता.

येथे परिभाषेचा प्रश्न येतो. ‘पुनःस्थापना’, ‘मुक्तता’, ‘संस्थापक प्राणी’ या संज्ञांत प्राणी हे कर्म आहे आणि कर्ता अदृश्य. ‘दहा ओरिक्स सोडण्यात आले’ हे वाक्य मीही वर सहज लिहून गेलो. कोणी सोडले, कोणाच्या चराऊ भूमीत सोडले, हे सांगण्याची सक्ती ही रचना करीत नाही. त्या पठारावर हरासीस ही पशुपालक जमात राहते. ओरिक्सांचे राखणदार तिच्यातूनच नेमले गेले, आणि नोंदींचा आधार म्हणजे त्यांची नजर व माग काढण्याचे कौशल्य. स्टॅन्ली प्राइस यांनी या लोकांची दखल घेतली आहे. परंतु विवेचनाचे केंद्र प्राणीच राहिले. योजना आखताना जमातीला विचारले गेले नाही, अशी टीका मानववंशशास्त्रज्ञ डॉन चॅटी यांनी केली. ती प्राणिशास्त्रीय मूल्यमापनाच्या बाहेरूनच यावी लागली, हे सूचक आहे.

या जमातीची हरसूसी ही भाषा अरबीहून वेगळी, आधुनिक दक्षिण अरबी गटातली, आणि स्वतःच लोपाच्या वाटेवर आहे. जॉन्स्टन यांचा हरसूसी शब्दकोश १९७७ साली निघाला. ओरिक्स परतण्यापूर्वी पाच वर्षे. कुरण, पाऊस, पाऊलखुणा यांविषयीचे पिढीजात ज्ञान ज्या भाषेत साठले, ती भाषा आणि तो प्राणी एकाच भूमीचे. पण त्यांचे अभ्यासक मात्र वेगळ्या विभागांत बसतात. कुरंगाचा कळप फीनिक्समध्ये राखता आला. भाषेला तशी सोय नाही. कोशात शब्द उरतात, व्यवहार उरत नाही.

जमातीला विचारले असते तर चोरटी शिकार थांबली असती, असे माझे प्रतिपादन नाही. राखणदार जमातीचे असूनही ती झाली, कारण किंमत बाहेरून येत होती. शिवाय २०११ साली ही जाती ‘असुरक्षित’ या तुलनेने सौम्य वर्गात आली, हे यश थोडे नव्हे. माझे म्हणणे इतकेच की ज्या घटकाने कळप बुडू शकतो, तो घटक संशोधनाच्या प्रस्तावनेत नव्हे, तर कोष्टकात असला पाहिजे. जन्म, मृत्यू आणि आनुवंशिक अंतर यांच्या शेजारी चराईचा हक्क, शेजारच्या जमातींचे संबंध आणि जिवंत पाडसाची किंमत यांचे रकाने पहिल्या दिवसापासून हवेत. आपल्या विद्यार्थ्यांनी काळविटावर प्रबंध लिहावा की बोलीवर, हा त्यांचा प्रश्न. वाक्यातला कर्ता मात्र त्यांनी गाळू नये.