भूत चालेल, काठी चालणार नाही

भातुकलीइतका वास्तववादी खेळ दुसरा नाही. भात चुरमुऱ्यांचा असतो, पण "अजून थोडा घ्या ना" हा आग्रह अस्सल असतो. आमच्या वाड्यातल्या भातुकलीत मला कायम आजोबा करत. कारण उघड होतं. तिसऱ्या वर्षी पोलिओने माझा डावा पाय निकामी केला आणि हातात काठी दिली. आजोबांचं सामान असं घरबसल्या तयार मिळत असताना उगाच दुसऱ्या कुणाला काठी शोधायला कोण लावणार? सातव्या वर्षी मला चार नातवंडं होती. पैकी दोन माझ्याहून मोठी होती.

हे आठवायचं कारण म्हणजे संगणकावरची एक जगप्रसिद्ध भातुकली. 'द सिम्स' तिचं नाव. विल राइट नावाच्या अमेरिकन गृहस्थांनी ती २००० साली बाजारात आणली. १९९१ साली ओकलंडच्या वणव्यात त्यांचं घर जळलं आणि संसार पुन्हा उभा करता करता त्यांना ही कल्पना सुचली. आपल्याकडे घर जळलं की माणूस नातेवाइकांकडे जातो, आणि मग त्यांना कल्पना सुचतात.

या खेळात आपण माणसं बनवायची, त्यांना घर बांधून द्यायचं, नोकरीला धाडायचं, लग्नं लावायची. प्रत्येकाच्या डोक्यावर हिरवा हिरा तरंगत असतो. बोलतात ती 'सिमलिश' भाषा कुणालाच समजत नाही, पण भांडण चालू आहे हे बरोबर समजतं. म्हणजे चाळच.

या खेळाची चौथी आवृत्ती २०१४ साली आली आणि २०२२ पासून तिचा मूळ भाग फुकट मिळतो. फुकट म्हटल्यावर आमच्या भाचीने तो घेतला आणि त्यात मला बनवायला बसली. नाक जमलं, पोट तर फारच जमलं. मग बराच वेळ खुडबुड करून म्हणाली, "मामा, तुझी काठी सापडत नाहीये रे."

"टोप्यांच्या कपाटात बघितलंस?"

"सगळीकडे बघितलं. तू व्हॅम्पायर होतोस का? तो आहे."

मी मासिकातली परीक्षणं लिहिण्यात हयात घालवलेला माणूस. पात्ररचनेत एवढी मोठी फट दिसल्यावर गप्प कसा बसणार? चौकशी केली. रक्त पिणारे २०१७ सालीच आले होते. मत्स्यकन्या आणि जादूगार २०१९ मध्ये, लांडगेमाणसं २०२२ मध्ये. मेलेल्या माणसाला भूत होऊन स्वतःच्याच स्वयंपाकघरात हिंडता येतं. या गावात माणूस जळतो, विजेचा धक्का खातो, उपाशी राहतो. आणि मग एकतर मरतो किंवा अंग झटकून उठतो. मधली सोयच नाही. वाचला पण जरा लंगडायला लागला, असं कुणाचं होत नाही. आमच्या ओळखीतले निम्मे लोक त्या मधल्या सोयीतच राहतात.

तिसऱ्या आवृत्तीत, २०११ साली, काठी आली होती. कुणाच्या हातात? म्हाताऱ्यांच्या. आमच्या वाड्याचीच पद्धत!

तुम्ही म्हणाल, हे फार अवघड काम असेल. असतंच. चाकाच्या खुर्चीतला माणूस बनवायचा तर पलंग, मोरी, जेवणाचं टेबल, नाच, प्रत्येक ठिकाणची हालचाल नव्याने काढावी लागते. हे कष्ट मला मान्य आहेत. पण मत्स्यकन्येला पाण्यात पाय नसतात, आणि तिचं पोहणं मात्र कुणीतरी बसून झकास काढलं आहे.

मला खरी चुटपुट लागली ती वेगळ्याच गोष्टीने. या खेळाची रचना मोठी हुशार आहे. सिम्सच्या माणसाला फ्रीज कसा उघडायचा ते ठाऊक नसतं; फ्रीजला ठाऊक असतं. प्रत्येक वस्तू आपली जाहिरात करत असते, 'माझ्याकडे ये, तुझी भूक भागेल', आणि जवळ आलेल्या माणसाला ती वस्तूच नाचवते. अक्कल सगळी वस्तूंत. आता सांगा, माझं सबंध आयुष्य याहून वेगळं काय आहे? मी काय करू शकतो हे मी कधी ठरवलंच नाही, ते जिन्याने ठरवलं. कठडा असलेल्या जिन्यावर मी साधारण बरा माणूस असतो, बिनकठड्याच्या जिन्यावर अपंग होतो आणि लिफ्ट चालू असली की तुमच्याइतकाच आळशी. ही गोष्ट पटवण्यात आमच्या लोकांच्या पिढ्या गेल्या. राइटसाहेबांच्या यंत्रात ती पहिल्या दिवसापासून बसवलेली होती, आणि जिन्याच्या तोंडून ती वदवायची मात्र राहून गेली.

२०२३ च्या जानेवारीत कानातलं मशीन आलं, साखर मोजायचं दंडावरचं यंत्रही आलं. याची थट्टा मी करणार नाही. मशीन लावणारी एखादी पोर आपल्या बाहुलीलाही ते लावते, तेव्हा तिला काय वाटत असेल ते मला सातव्या वर्षापासून ठाऊक आहे. पण समीक्षकाने मीठ कमी आहे हे सांगायला हवं. हे मशीन शिट्टी मारत नाही, त्याची बॅटरी ऐन मंगलाष्टकांत संपत नाही, काढलं तरी ऐकू तितकंच येतं. ते कुड्यांसारखं आहे. आणि चाकाची खुर्ची त्या गाठोड्यात नव्हतीच. हौशी खेळाडूंनी स्वतःच सुतारकाम करून आपापल्या खुर्च्या खेळात घातल्या.

याउलट 'स्टारड्यू व्हॅली' बघा. एरिक बरोन या एकट्या माणसाने केलेला, २०१६ साली आलेला शेतीचा खेळ. चित्रं ठिपक्यांची, पण त्यात चाकाच्या खुर्चीतला जॉर्ज आहे. खाणीतल्या अपघातात पाय गेलेला, टीव्हीसमोर बसणारा, तिरसट. तिरसट हे मला फार आवडलं. आमच्यातल्या माणसाला गोड किंवा शूर, दोनच नोकऱ्या देतात.

तर हा जॉर्ज टपालपेटीतलं पत्र काढायला धडपडत असतो. पेनी नावाची भली मुलगी येते, न विचारता त्याची खुर्ची बाजूला सारते आणि पत्र काढून देते. जॉर्ज भडकतो. मला जमलं असतं, म्हणतो. आणि मग तुमचं मत विचारतात.

स्टेशनच्या जिन्यावर माझं कोपर असंच अनेकदा पकडलं गेलं आहे. धरणारे बहुधा सज्जन असतात आणि नेमकं काठीचंच कोपर धरतात, त्यामुळे मी आणि सज्जन दोघेही पडायला येतो. मी त्या खेळापुढे बसलो आणि बराच वेळ कुठलंच उत्तर दाबलं नाही. भाची म्हणाली, "मामा, सोपं आहे, काहीतरी निवड ना."

शेवटी तिनेच निवडलं. काय, ते मी पाहिलं नाही. जॉर्जला लीक फार आवडतो, कांद्याच्या पातीचा तो थोरला भाऊ. रानात फिरून एक उपटला आणि त्याला नेऊन दिला. खुर्चीला हात लावला नाही.