यंत्रामुळे वाचलेला वेळ कुणाचा?

(वसईतील व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)



विरार लोकलने रोज ये-जा करणाऱ्यांना आठवत असेल. स्टेशनवर एटीव्हीएम, म्हणजे तिकिटाचं यंत्र आलं, तेव्हा वाटलं की आता खिडकीची रांग संपली. पण लोक यंत्रापाशी अडखळायला लागले. मग रेल्वेनेच यंत्राशेजारी मदतनीस नेमले, पुष्कळदा निवृत्त रेल्वे कर्मचारी, तेही कमिशनवर. आपण 'बोरिवली रिटर्न' म्हणायचं, ते भराभर बोटं फिरवून तिकीट हातात देणार. म्हणजे माणूस लागलाच. फक्त पगाराच्या जागी कमिशन आलं.

आजचा विषय सार्वजनिक ग्रंथालयांतली सेल्फ-सर्व्हिस यंत्रं. हा रेल्वेचा अनुभव मनात ठेवून आपण त्यांच्याकडे बघू.

यंत्र करतं काय? प्रत्येक पुस्तकात आरएफआयडीचा एक टॅग चिकटवलेला असतो. तुम्ही कार्ड दाखवायचं, पुस्तकं फळीवर ठेवायची, चार-पाच पुस्तकं एकदम तुमच्या नावावर नोंदली जातात. नोंद न करता नेलं तर दारातलं फाटक वाजतं. परत करायला पेटी असते. सिंगापूरच्या सार्वजनिक ग्रंथालयांनी १९९८ पासून हे सुरू केलं. २००२ मध्ये तिथल्या सेंगकांग भागात देवघेवीचं काउंटरच नसलेलं ग्रंथालय उघडलं. पण तिथेही फोन ठेवला होता. उचलला की दुसरीकडे बसलेला ग्रंथपाल बोलायचा. काउंटर काढलं, ग्रंथपाल काढला नाही. हा फरक महत्त्वाचा आहे.

यंत्राची बाजू मी आधी प्रामाणिकपणे मांडतो. नालासोपाऱ्याचा माणूस चर्चगेटहून साडेनऊला घरी पोचतो. तोवर वाचनालयाचं शटर खाली गेलेलं असतं. बाहेर परतीची पेटी असेल तर त्याची सोय होते. दुसरं, काही पुस्तकं काउंटरवर मागायला संकोच वाटतो. शरीराबद्दल, लग्न मोडण्याबद्दल, मनाच्या आजाराबद्दल. 'हे कशाला वाचतेस गं?' असं विचारणारे लोक काउंटरमागे बसलेले आपण पाहिलेत. यंत्र विचारत नाही. आणि दिवसभर शिक्के मारणं, तारखा लिहिणं यात ज्यांची उमेद गेली, त्या कर्मचाऱ्यांची सुटका झाली तर कुणाला नको आहे? मी स्वतः देवघेव विभागात वर्षानुवर्षं काढलीत, मला तरी हवी होती.

पण काउंटरवर फक्त शिक्के मारले जात नाहीत. एक आजोबा यायचे. 'ते किल्ल्यांवर लिहिणारे, दाढीवाले, त्यांचं काहीतरी द्या.' आम्ही गो. नी. दांडेकर काढून द्यायचो. आता हेच यंत्राला विचारून बघा. शोधात 'गोनीदा' टाका, नोंद 'दांडेकर गोपाळ नीळकंठ' अशी असेल तर उत्तर येतं 'सापडले नाही'. त्यातून जुन्या नोंदी श्रीलिपीसारख्या फॉन्टमध्ये केलेल्या असतील तर युनिकोडमध्ये आणेपर्यंत मराठी पुस्तक कपाटात असून संगणकावर नसतं. शाळेतली मुलगी येते, १७३९ च्या वसईच्या लढाईवर प्रकल्प करायचाय. तिला पुस्तकाचं नाव माहीत नसतं, म्हणूनच तर ती विचारायला येते. यंत्राला नाव लागतं. माणसाला प्रश्न चालतो.

रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. चौथा नियम, वाचकाचा वेळ वाचवा. यंत्र विकणारे नेमका हाच नियम सांगतात. पण त्याआधीचे दोन नियम आहेत: प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक. ही गाठ घालून देणारा माणूस काढून टाकला, तर वेळ वाचवून वाचकाने करायचं काय?

आता अनुभव सांगतो. संस्थेचं नाव घेत नाही. तिथे यंत्र आलं. हजारो पुस्तकांवर टॅग कुणी चिकटवले? दोन कर्मचाऱ्यांनी, कित्येक महिने, रोजचं काम सांभाळून. उद्घाटन झालं, फित कापली, फोटो निघाले. फोटोत ते दोघं नव्हते. पुढच्या वर्षी त्यातल्या एकीचा करार वाढवला नाही, कारण 'आता काम कमी झालं'. दुसऱ्याला यंत्राशेजारी उभं केलं, लोकांना बटणं दाखवायला. ज्यांनी यंत्र चालू करून दिलं, त्यांनाच त्याची किंमत मोजावी लागली.

आणि आपल्याकडे हा कर्मचारी मुळात किती मिळवत आलाय? महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम १९६७ चा. त्याखाली मान्य ग्रंथालयांचे अ, ब, क, ड वर्ग आहेत, त्यानुसार अनुदान मिळतं. २०१२ नंतर दहा वर्षं दर वाढले नाहीत. मग ६० टक्के वाढ झाली आणि ड वर्गाचं वार्षिक अनुदान ३०,००० वरून ४८,००० रुपयांवर आलं. त्यातला निम्मा भाग वेतनासाठी धरायचे. त्या दराने हिशेब करा. २४,००० भागिले १२, महिन्याला २,००० रुपये. एका ग्रंथपालाचे. मंडळी, इतक्या पैशात माणूस वाचनालय उघडायचा, झाडायचा, नोंदी ठेवायचा, दिवाळी अंकांची वर्गणी गोळा करायचा. एका यंत्राच्या, टॅगच्या आणि फाटकाच्या खर्चात असे ग्रंथपाल कित्येक वर्षं नीट पगारावर ठेवता येतील.

म्हणून, यंत्र माणसाची नोकरी खाईल, हे वाक्य आपल्याकडे जसंच्या तसं लागू होत नाही. नोकरी म्हणावी असं फारसं दिलेलंच नाही. यंत्राने होतं ते वेगळं. माणसाला नीट पगार न देण्याला एक आधुनिक कारण मिळतं. ब्रिटनमध्ये २०१० नंतरच्या काटकसरीत शेकडो ग्रंथालयं बंद पडली किंवा स्वयंसेवकांच्या हाती गेली. ते यंत्रामुळे झालं असं मी म्हणणार नाही. पैसा कापायचा निर्णय माणसांनीच घेतला. पण 'कर्मचारी नसले तरी चालतं' हे म्हणणं यंत्रामुळे सोपं होतं.

वसई-विरारची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेतच बारा लाखांवर होती. नवीन वाचनालयं, अभ्यासिका लागणारच. उद्या तुमच्या वॉर्डात यंत्रासह एखादं उघडलं, तर टाळ्या वाजवण्याआधी तीन गोष्टी विचारा. वाचलेले तास कर्मचारी कशासाठी वापरणार आहेत, हे कुठे लिहून ठेवलंय का? टॅग लावणाऱ्यांचा करार किती वर्षांचा आहे? आणि मराठी नोंदी युनिकोडमध्ये करायला माणूस आणि पैसा ठेवलाय का?

या तिन्हींचं उत्तर मिळालं तर यंत्र जरूर घ्या, मीच पहिला कार्ड लावीन. नाही मिळालं, तर त्या आजोबांना 'सापडले नाही' वाचून परत जावं लागेल, आणि पुस्तक मागच्याच कपाटात असेल.