साखरेच्या दाण्याचा घाट

साखरेचा एक टपोरा दाणा काळ्या कागदावर ठेवून भिंगातून पाहावा. तो सरळ चौकोनी ठोकळा नसतो. त्याच्या दोन ठळक पृष्ठांमधला कोन सुमारे १०३ अंशांचा असतो, म्हणून सगळा दाणा किंचित कललेला दिसतो. त्याची दोन टोकंही एकसारखी नसतात. आत सुक्रोजचे, म्हणजे साखरेचेच, रेणू एका दिशेला तोंड करून रचलेले असतात, त्यामुळे दोन्हीकडे त्यांच्या वेगवेगळ्या बाजू उघड्या पडतात.

हा घाट येतो कुठून? पृष्ठावरच्या रेणूला बाहेरच्या अंगाला सोबती नसतो, त्याचे काही बंध मोकळेच राहतात. त्या मोकळेपणाची किंमत म्हणजे पृष्ठऊर्जा. ती एकूण कमीत कमी होईल असा आकार स्फटिक घेतो, हे गिब्ज यांनी आणि पुढे १८८५ मध्ये पिअर क्युरी यांनी मांडलं. १९०१ मध्ये वुल्फ यांनी त्याला भूमिती दिली: केंद्रापासून पृष्ठाचं अंतर त्याच्या पृष्ठऊर्जेच्या प्रमाणात असतं. फार देखणी मांडणी आहे ही. पण ती समतोल साधलेल्या स्फटिकाची. कारखान्याच्या पॅनमधला दाणा घाईत वाढतो, तिथे पृष्ठाच्या वाढीचा वेग निर्णायक ठरतो.

हा वेग बंधांवरून कसा ओळखायचा, ते हार्टमन आणि परडोक यांनी १९५५ मध्ये दाखवलं. ज्या पृष्ठात रेणूंनी एकमेकांना घट्ट धरलेलं असतं, तिथे नव्याला पकडायला फारसं काही उरत नाही. थर सावकाश चढतो. जिथे बंध बाहेर मोकळे, तिथे रेणू भराभर बसतात आणि ते पृष्ठ वाढता वाढता आक्रसत कडेत मिटून जातं. म्हणजे दाण्यावर आपल्याला दिसतात ती सगळी संथ पृष्ठं. वेगवान पृष्ठांनी दाणा वाढवला आणि ती स्वतः नाहीशी झाली! या रचनेतलं मला सर्वांत सुंदर वाटतं ते हेच.

आणि हा घाट किती हळवा आहे! युरोपात साखर ज्या बीटपासून काढतात, त्यात रॅफिनोज नावाची दुसरी एक साखर असते. त्याच्या रेणूचा एक भाग हुबेहूब सुक्रोजचा. त्या जोरावर हा रेणू थरात जागा मिळवतो आणि उरलेला गॅलॅक्टोजचा भाग बाहेर काढून पुढच्या रेणूची वाट अडवतो. अडलेली पृष्ठं मागे पडतात, दाणा लांबट होतो. आपल्याकडे असंच काम डेक्स्ट्रान करतं. तोडलेला ऊस पडून राहिला की ल्युकोनोस्टॉक जिवाणू रसातल्या साखरेपासून ते बनवतात, आणि दाणा सुईसारखा निघतो. असा दाणा सेंट्रिफ्यूगल यंत्रात मळीपासून नीट सुटत नाही.

तोडणीनंतर गाळपाला झालेला उशीर आपण उसाच्या वजनात आणि साखरेच्या उताऱ्यात मोजतो. तो दाण्याच्या आकारातही उमटलेला असतो.