सरळ रेषेची किंमत : एका रुंदकोनी झूम भिंगाचे परीक्षण

लोणारच्या काठावर उभे राहून विवराचे छायाचित्र घ्यायला जाणाऱ्याची पहिली तक्रार ठरलेली असते : सगळे विवर फोटोत मावत नाही. विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर, आणि आपण उभे असतो त्याच्याच काठावर. काठ डावीकडून आणि उजवीकडून आपल्याला वळसा घालून जातो. नेहमीच्या भिंगात त्याचा एक तुकडाच येतो.

जून २०२० मध्ये या सरोवराचे पाणी गुलाबी झाले, तेव्हा अनेकांचे लक्ष तिकडे गेले. दरवर्षी एकाच जागेवरून छायाचित्र घ्यावे आणि पाण्याचा काठ किती सरकला ते विद्यार्थ्यांनी फोटोवर मोजावे, अशी कल्पना काही शिक्षक मित्रांनी आमच्यापुढे मांडली. त्यासाठी कोणते भिंग घ्यावे, असा त्यांचा प्रश्न होता. आम्ही त्यात आणखी एक प्रश्न जोडला. भिंग घेतले तरी त्यातून आलेल्या चित्रावर मोजपट्टी ठेवता येईल का? हे परीक्षण त्या दुसऱ्या प्रश्नासाठी आहे.

परीक्षणासाठी आम्ही निवडले ते निकॉनचे १४-३० मिमी, एफ/४ हे झूम भिंग. २०१९ साली आलेले हे भिंग मिररलेस म्हणजे बिनआरशाच्या कॅमेऱ्यासाठी आहे. ते ३६ × २४ मिमीच्या संवेदकावर प्रतिमा पाडते. वजन ४८५ ग्रॅम, आणि मिटवून ठेवले की लांबी अवघी ८५ मिमी. त्यात १२ गटांत मिळून १४ भिंगे आहेत. त्यांपैकी ४ कमी अपस्करणाच्या काचेची आणि ४ अगोलीय पृष्ठाची आहेत.

आरसा गेल्याने काय झाले?

जुन्या पद्धतीच्या एसएलआर कॅमेऱ्यात भिंग आणि फिल्म यांच्यामध्ये हलणारा आरसा असे. निकॉनच्या त्या कॅमेऱ्यात भिंग बसवण्याच्या कड्यापासून फिल्मपर्यंतचे अंतर ४६.५ मिमी होते. आता नाभीय अंतर १४ मिमी हवे आणि आरशाला जागाही ठेवायची, हे साधायचे कसे? उपाय असा की पुढे अपसारी, म्हणजे अंतर्गोल गट बसवायचा आणि मागे अभिसारी गट. मग प्रतिमा नाभीय अंतरापेक्षा लांब पडते.

हे शाळेतल्या दोन भिंगांवर पडताळता येते. पुढे २० सेमी नाभीय अंतराचे अंतर्गोल भिंग ठेवा आणि त्याच्या मागे १० सेमी अंतरावर १० सेमी नाभीय अंतराचे बहिर्गोल भिंग ठेवा. दूरच्या झाडाची आभासी प्रतिमा अंतर्गोल भिंगाच्या पुढे २० सेमीवर, म्हणजे बहिर्गोल भिंगापासून ३० सेमीवर असते. भिंगाच्या सूत्राने अंतिम प्रतिमा १५ सेमीवर येते. जोडीचे एकत्रित नाभीय अंतर मात्र १० सेमीच आहे. पडदा दीडपट दूर गेला, पण प्रतिमेचा आकार १० सेमीच्या भिंगाएवढाच राहिला.

या युक्तीची किंमत म्हणजे पुढचे मोठे, फुगीर भिंग. याच कंपनीचे आरशाच्या कॅमेऱ्यासाठीचे २००७ सालचे १४-२४ मिमी भिंग सुमारे एक किलोचे होते, आणि त्याच्या फुगीर तोंडावर फिल्टर बसत नसे. मिररलेस कॅमेऱ्यात कड्यापासून संवेदकापर्यंतचे अंतर १६ मिमीवर आले. त्यामुळे वरची युक्ती सौम्य प्रमाणात वापरली तरी भागते. आमच्या भिंगावर ८२ मिमीचा साधा फिल्टर बसतो. अर्थात जुने भिंग एफ/२.८ चे होते, म्हणजे दुप्पट प्रकाश घेणारे; वजनातला फरक काही अंशी त्यामुळेही आहे. तुलना करताना हे विसरू नये.

किती दिसते?

१४ मिमीला या भिंगाचा आडवा दृष्टिकोन सुमारे १०४ अंश आहे आणि ३० मिमीला सुमारे ६२ अंश. आता नववी-दहावीतले प्रमेय आठवा : परिघावरचा कोन केंद्रीय कोनाच्या निम्मा असतो. आपण लोणारच्या काठावर, म्हणजे परिघावरच उभे आहोत. विवर वर्तुळाकार मानले तर १०४ अंशांत काठाचा २०८ अंशांचा कंस येतो. ३० मिमीला तोच १२४ अंशांचा होतो. म्हणजे १४ मिमीला निम्म्याहून जास्त काठ एका चित्रात मावतो. पूर्ण विवर कोणत्याच साध्या भिंगात येणार नाही, कारण त्याला १८० अंश लागतील.

कोपऱ्यातली डोकी

रुंदकोनी भिंगावर नेहमी होणारा आरोप असा, की ते कडेच्या माणसांची डोकी लांबवते. हा आरोप भिंगावर करणे अन्यायाचे आहे. सरळ रेषा सरळच उमटावी अशी अट घातली, की प्रतिमेचे मध्यापासूनचे अंतर नाभीय अंतर गुणिले कोनाचे टॅन एवढे असलेच पाहिजे. १४ मिमीला कोपरा मध्यापासून ५७ अंशांवर असतो. तिथे गोल वस्तू बाहेरच्या दिशेने सुमारे १.८४ पट ताणली जाते. भिंग जितके निर्दोष, तितका हा ताण सूत्राप्रमाणे नेमका. कागद सपाट आहे, त्याची ही किंमत आहे.

एक गंमत करून पाहा. संवेदकाची ३६ मिमी रुंदी दहापट करून, म्हणजे ३६ सेमी रुंद चित्र छापा. मग एक डोळा मिटून, बरोबर मध्यासमोर १४ सेमीवरून ते बघा. कोपऱ्यातली डोकी पुन्हा गोल दिसतात. चित्र खोटे नव्हते, आपण चुकीच्या जागी उभे होतो. तरी वर्गाचा फोटो काढताना टोकाच्या मुलांवर हा प्रसंग आणू नये. चार पावले मागे जावे आणि ३० मिमी वापरावे.

आमची खरी हरकत

आता भिंगाच्या मुख्य मर्यादेकडे येऊ. १४ मिमीला हे भिंग मुळात सरळ रेषा पिंपासारख्या फुगवते आणि कोपऱ्यांत प्रकाशही कमी पोचवते. हे दोन्ही दोष काचेने काढलेले नाहीत, गणिताने काढले आहेत. दुरुस्तीची माहिती रॉ फाइलमध्येच असते, आणि बहुतेक सॉफ्टवेअर ती न विचारता लागू करते. मूळ चित्र वापरणाऱ्याच्या नजरेस पडतच नाही.

ही फसवणूक आहे का? आम्हाला तसे वाटत नाही. काच जड आणि महाग, गणित हलके आणि स्वस्त. ४८५ ग्रॅमचे वजन काही अंशी याच सौद्यातून आले आहे. पण सौद्याला दुसरी बाजूही आहे. फुगलेली रेषा सरळ करताना कोपरे बाहेर ताणावे लागतात. तिथले थोडे बिंदू जास्त जागेवर पसरतात, मधली जागा अंदाजाने भरली जाते, आणि बारीक तपशील कमी होतो.

उजेडाचेही तसेच. कोपऱ्यात मध्याच्या एक चतुर्थांश प्रकाश आला असे समजा. सॉफ्टवेअर तो चौपट करील, पण त्याबरोबर त्यातली अनियमितताही चौपट होईल. प्रकाशकणांच्या मोजणीतली अनियमितता संख्येच्या वर्गमुळाप्रमाणे असते. म्हणून कोपऱ्यात संदेश आणि अनियमितता यांचे गुणोत्तर मध्याच्या निम्मेच राहते. न आलेला प्रकाश गुणाकाराने येत नाही.

रात्रीच्या आकाशासाठी हे जास्त जाणवते. एफ/४ ला प्रकाश बेताचा, म्हणून उघडीप लांबवावी लागते. खगोलीय विषुववृत्ताजवळचा तारा १४ मिमीला संवेदकाच्या मध्यभागी दर सेकंदाला सुमारे १ मायक्रोमीटर सरकतो. संवेदकाचा बिंदू ६ मायक्रोमीटरचा असेल, तर ३० सेकंदांत तारा पाच बिंदूंएवढी रेघ ओढतो. ज्यांचा मुख्य विषय तारे आहेत, त्यांनी जास्त उघडणारे भिंग पाहावे.

दिवसा मात्र छिद्र फार लहान करण्याचा मोह टाळावा. हिरव्या प्रकाशासाठी विवर्तनाच्या चकतीचा व्यास एफ/८ ला सुमारे ११ मायक्रोमीटर असतो आणि एफ/१६ ला २१. एफ/८ वर ८३ सेमीवर केंद्रित केले, तर साधारण ४२ सेमीपासून क्षितिजापर्यंत सारे नेहमीच्या छपाईपुरते स्पष्ट येते. त्याहून लहान छिद्राची गरज क्वचितच पडते.

मोजपट्टी ठेवता येईल का?

येईल, पण अटींवर. पहिली अट सूत्राची. दुरुस्त चित्रातही समान कोन समान लांबीचे नसतात. मध्यभागी एक अंश सुमारे ०.२४ मिमी व्यापतो, तर डाव्या-उजव्या कडेला तोच ०.६४ मिमी. पाण्याचा काठ कडेला दोन मिलिमीटर हलला आणि मध्यभागी एक मिलिमीटर, तर कडेला जास्त हलला असे म्हणता येणार नाही. टॅनचे कोष्टक वापरून आधी कोन काढावा लागेल.

दुसरी अट पडताळ्याची. सपाट भिंतीवर दर २० सेमीला खूण करा आणि कॅमेरा भिंतीला काटकोनात ठेवून एक मीटरवरून चित्र घ्या. १४ मिमीला सुमारे अडीच मीटर भिंत येईल. दुरुस्ती नीट असेल, तर सगळ्या खुणा समान अंतरावर उमटतील. नसतील तर किती चुकते ते कळेल, आणि कळलेली चूक वजा करता येते.

तिसरी अट शिस्तीची. झूम १४ किंवा ३० या टोकाच्या खुणेवरच ठेवावे, कारण मधला आकडा दोन वर्षांत नेमका जुळत नाही. रॉ फाइल जपून ठेवावी, आणि सॉफ्टवेअर कोणते व कोणत्या आवृत्तीचे वापरले ते वहीत लिहावे. एका वर्षीचे चित्र दुरुस्त आणि दुसऱ्या वर्षीचे मूळ, अशी सरमिसळ झाली, तर पाण्याऐवजी सॉफ्टवेअर सरकलेले मोजले जाईल.

एकूण मत असे : प्रवास, डोंगर, लेणी, इमारती यांसाठी हे हलके आणि विचारपूर्वक बनवलेले भिंग आहे. मापनासाठी ते पडताळा घेऊनच वापरावे, आणि ताऱ्यांसाठी ते आमची पहिली निवड नाही. शाळेने ते विकत घ्यावे असे आम्ही म्हणणार नाही. आज अनेक फोनांत रुंदकोनी कॅमेरा असतो, आणि त्यातही अशीच दुरुस्ती मुकाट्याने होत असते. भिंतीवरच्या खुणांचा प्रयोग त्यावरही होतो. खर्च फक्त खडूचा. आपल्या हातातले उपकरण चित्र देण्यापूर्वी त्यात काय बदल करते, हे विद्यार्थ्यांना एकदा मोजून कळले, की पुढे कोणत्याही छायाचित्राला पुरावा मानण्याआधी ते दोन प्रश्न विचारतील. लोणारचा काठ मोजण्याआधी तेवढी तयारी हवीच.