झाकण थंड लागलं, म्हणजे काय सिद्ध झालं?

‘पेट’ पास झाली, गाईड मिळाले, की सिनॉप्सिससाठी सगळ्यांना सुचणारा पहिला विषय एकाच साच्यातला असतो : ‘अमुक आणि तमुक यांचा तुलनात्मक अभ्यास’. दोन वस्तू घ्या, मोजा, तक्ता करा, एकीला चांगली म्हणा. मीही तेच केलं होतं. आज त्या तुलनेची चिकित्सा करतो, कारण आरआरसीसमोर उभं राहण्याआधी ती मला कुणी करून दाखवली असती तर माझे चार महिने वाचले असते.

विषय गाडीचा आहे. तुम्ही मेकॅनिकलचे नसाल तरी वाचा, कुठे अडणार नाही.

आधी वस्तू समजून घेऊ

मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत इंजिनाचा जोर लांब शाफ्टने मागे येतो आणि तिथे काटकोनात वळून दोन्ही चाकांना मिळतो. हे काम करणारी क्राऊन-पिनियनची जोडी आणि डिफरन्शियल एका लोखंडी घरात बसलेलं असतं. काही गाड्यांत या घराला मागून बोल्टने आवळलेलं झाकण असतं. जुन्या जीपच्या मागे वाकून पाहा, गोलसर फुगीर झाकण दिसेल. ट्रकच्या बँजो पद्धतीच्या हौसिंगमध्ये असं झाकण नसतं, तिथे सगळा संच पुढून निघतो. आणि आपल्याकडच्या बहुतेक छोट्या कार पुढच्या चाकांवर चालतात, त्यांचं डिफरन्शियल गिअरबॉक्समध्येच असतं. म्हणून पहिला प्रश्न ‘कोणतं झाकण चांगलं’ हा नसून ‘तुमच्या गाडीला झाकण आहे का’ हा आहे. हसू नका. आपल्या प्रस्तावातला चल आपल्या नमुन्यात आहे का, हे न तपासता लिहिलेले सिनॉप्सिस मी पाहिले आहेत.

वेगाची हौस असलेले लोक आणि जीप ‘मॉडिफाय’ करणारे हे पत्र्याचं झाकण काढून जाड, पंखे असलेलं ॲल्युमिनियमचं झाकण बसवतात. विकणाऱ्यांचे दावे साधारण तीन : ॲल्युमिनियम उष्णता लवकर बाहेर टाकतं, आत जास्त तेल मावतं म्हणून डिफरन्शियल थंड राहतं, आणि झाकण मजबूत असतं. अकोल्यात मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो. तिथे ‘थंड राहतं’ हा शब्द ऐकला की पाकिटाकडे हात जाणारच.

मोजण्याआधी कागदावर

पहिला दावा घ्या. ॲल्युमिनियममधून उष्णता पोलादापेक्षा जास्त सहज जाते हे खरंच आहे. पण उष्णतेला तीन टप्पे पार करावे लागतात : तेलातून झाकणात, झाकणाच्या जाडीतून, आणि झाकणावरून हवेत. प्रत्येक टप्प्याचा अडथळा काढून बघू. पत्रा ३ मिलिमीटर, पोलादाची उष्णतावाहकता सुमारे ५० धरली तर जाडीचा अडथळा ०.००००६ येतो. गाडी चालू असताना बाहेरच्या हवेचा गुणांक ५० धरला तर तिचा अडथळा ०.०२. म्हणजे हवेचा अडथळा पत्र्याच्या तीनशे पटींहून जास्त आहे. आता ६ मिलिमीटरचं ॲल्युमिनियम, वाहकता १५० धरा : ०.००००४. सगळ्या खटाटोपात वाचले ०.००००२. तेलाकडचा अडथळाही धरला तर एकूण प्रवासात हा फरक हजारात एक भागही भरत नाही.

राजकमल चौकात गर्दी तुंबली असताना बडनेरा रोड रुंद करण्यासारखं आहे हे. तुंबलंय दुसरीकडेच.

पंख्यांचं मात्र तसं नाही. ते हवेकडचा पृष्ठभाग वाढवतात, म्हणजे बरोबर तुंबलेल्या जागी काम करतात. हा दावा तपासण्यालायक आहे. फक्त दोन गोष्टी लक्षात ठेवा. झाकण हा अख्ख्या हौसिंगचा एक भाग आहे, बाकीचं लोखंडही उष्णता टाकतच असतं. आणि पावसाळ्यात आपली काळी माती पंख्यांच्या फटींत एकदा बसली की तेच पंखे गोधडीचं काम करतात.

दुसरा दावा, जास्त तेल. एक लिटर तेल एक अंशाने तापवायला साधारण १.८ किलोज्यूल लागतात. हौसिंगमधलं लोखंड ४० किलो धरलं तर त्याला १८ लागतात, आधीचं दोनेक लिटर तेल वेगळंच. म्हणजे लिटरभर तेल वाढवलं तर तापायला आठ-दहा टक्के जास्त वेळ लागेल. पण लांबच्या प्रवासात तापमान शेवटी ज्या अंकावर स्थिरावतं, तो अंक त्याने खाली येत नाही. तो ठरतो किती उष्णता निर्माण होते आणि किती बाहेर जाते यावर. उलट तेलाची पातळीच वर गेली तर क्राऊन जास्त तेल घुसळतो आणि थोडी उष्णता वाढते. जास्त तेल लवकर खराब होत नाही, हा त्याचा खरा फायदा. पण तो ‘थंड राहतं’ या दाव्यापेक्षा वेगळा आहे.

दहा मिनिटांचं हे गणित मी मोजमाप सुरू करण्याआधी करायला हवं होतं. केलं नाही.

माझी चूक

चांदूर बाजारकडे मामेभावाची जुनी जीप आहे, संत्र्याच्या बागेत राबणारी. तिच्या मागे चकचकीत ॲल्युमिनियमचं झाकण बसवलं. आधी आणि नंतर, दोन्ही वेळा ठरलेली फेरी मारून इन्फ्रारेड थर्मामीटर झाकणावर रोखला. नवीन झाकण वीसेक अंशांनी थंड! मी आलेख काढला, शीर्षकही लिहून टाकलं.

गाईड मॅडमनी आलेख बघितला आणि एवढंच म्हणाल्या, “झाकणावर काळी इन्सुलेशन टेप चिकटव आणि परत मोज.” टेपवर मोजलं तर तो फरक जवळजवळ गायब.

काय झालं होतं? इन्फ्रारेड थर्मामीटर तापमान थेट मोजत नाही. वस्तूमधून निघणारं प्रारण मोजतो आणि ती वस्तू साधारण ०.९५ उत्सर्जकतेची आहे असं गृहीत धरून अंक दाखवतो. रंगवलेला किंवा गंजलेला पत्रा त्याच्या जवळपास असतो. उघडं चकचकीत ॲल्युमिनियम ०.१ च्या आसपास, खरबरीत असेल तर थोडं वर. तापलेलं ॲल्युमिनियम या उपकरणाला थंडच दिसतं. मी झाकणांची तुलना करतोय असं मला वाटत होतं, प्रत्यक्षात त्यांच्या चकाकीची तुलना करत होतो.

यापेक्षा मोठी चूक पुढे आहे. समजा वाचन अगदी बरोबर असतं आणि नवीन झाकण बाहेरून खरंच थंड असतं. मग काय सिद्ध झालं असतं? झाकण उष्णता जास्त चांगली बाहेर आणत असेल तर त्याचा बाहेरचा पृष्ठभाग *गरम* लागायला हवा. हात लावून “बघा, किती थंड आहे” म्हणणारा माणूस नकळत आपल्याच दाव्याच्या विरोधात पुरावा देत असतो. मोजायचं होतं तेलाचं तापमान. प्लगमधून थर्मोकपल आत सोडून. मी सोपं होतं ते मोजलं.

आणि तिसरी चूक परतवाड्याच्या एका मेकॅनिककाकांनी पकडली. ते म्हणाले, “भाऊ, झाकन मंग बदलजो. आधी आतलं तेल कवा बदललं होतं थे सांग.” झाकण काढलं की तेल सांडतं, नवीन भरावंच लागतं. माझी ‘आधी’ची वाचनं काळ्या पडलेल्या तेलावरची होती आणि ‘नंतर’ची ताज्या. दोन बदल एकाच दिवशी केले आणि श्रेय दिलं एकाला. याला पुस्तकात भारी नाव आहे, पण काकांचं वाक्य लक्षात ठेवलंत तरी पुरे.

दुसऱ्याचं काम वाचताना

या विषयावर सगळ्यात गाजलेलं काम कुठल्या विद्यापीठाचं नाही. कॅलिफोर्नियातले गेल बँक्स यांनी पिकअप ट्रकच्या झाकणांच्या चाचण्यांची व्हिडिओ मालिका केली. त्यांचा मुद्दा थोडक्यात असा : क्राऊन गिअर खालचं तेल उचलून झाकणाच्या आतल्या वक्रावरून वर नेतो आणि तिथून ते पुढे पिनियनच्या बेअरिंगकडे जातं. कंपनीचं गोलसर झाकण या प्रवाहाला वाट देतं. मागून सपाट असलेलं बाजारातलं झाकण प्रवाह तोडतं, तेलात हवा मिसळते, फेस होतो. दिसायला साधं असलेलं कंपनीचं झाकण बऱ्याच महागड्या सपाट झाकणांपेक्षा बरं, असं त्यांनी दाखवलं.

पुढे त्यांच्याच कंपनीने स्वतःचं झाकण बाजारात आणलं.

इथे बहुतेक विद्यार्थी दोनपैकी एक टोक गाठतात. एक : “मोठा माणूस आहे, दाखवलंय ना, झालं.” दोन : “विकायचंच होतं, सगळं खोटं.” दोन्ही आळशी वाचनं आहेत. विकणाऱ्याचा फायदा असला म्हणून तेलाचा प्रवाह बदलत नाही. तो कळल्यावर आपण फक्त तपासणी कडक करायची.

मग तपासा. जमेची बाजू मोठी आहे : त्यांनी कारण सांगितलं, नुसता अंक नाही. ‘सपाट पाठ प्रवाह तोडते’ हे विधान कुणीही आपल्या लॅबमध्ये पारदर्शक झाकण लावून खोटं ठरवू शकतो. ‘आमचं झाकण प्रीमियम आहे’ हे विधान कुणीच खोटं ठरवू शकत नाही. शिवाय कंपनीचं मूळ झाकण तुलनेत ठेवलं, जे जाहिराती सहसा टाळतात.

उणी बाजू : फेस दिसणं आणि बेअरिंग जाणं या दोन वेगळ्या घटना आहेत. मालकाला काळजी बेअरिंगची आहे, कॅमेऱ्याला दिसतो फेस. मधल्या दुव्याला चांगला तर्क आहे, पण तर्क म्हणजे मोजमाप नव्हे. आपल्या सिनॉप्सिसमध्येही हेच होतं : हवं असतं आयुष्यमान, मोजतो तापमान, आणि निष्कर्षात हळूच आयुष्यमान लिहून टाकतो.

आपल्या रस्त्यावर

आणि तो निष्कर्ष इथे लागू पडतो का? अमरावती-अकोला महामार्ग घ्या, ज्यावर जून २०२२ मध्ये ७५ किलोमीटरचा सलग डांबरी पट्टा १०५ तास ३३ मिनिटांत टाकून गिनेस विक्रम झाला. तिथे वेग जास्त, हवा भरपूर, चढ नाही. आता परतवाड्याहून सुमारे ११०० मीटर उंचीवरच्या चिखलदऱ्याला भरलेली जीप न्या. जोर जास्त, वेग कमी, म्हणजे उष्णता जास्त आणि पंख्यांना हवा कमी. महामार्गावर सिद्ध झालेलं झाकण घाटात तसंच वागेल असं धरता येत नाही. प्रयोग कुठे केला हे शीर्षकातच लिहा.

मग झाकण घ्यायचं की नाही? मामेभावाला मी सांगितलं ते सांगतो. आतून गोलसर नसेल तर घेऊ नको. कंपनीच्या झाकणाला तेल काढायचा प्लग नसतो तिथे प्लग आणि लोहचूर पकडणारं चुंबक ही खरी सोय आहे. दगडगोट्यांत गाडी जात असेल तर जाड झाकणाला अर्थ आहे. थंडाव्यासाठी घेत असशील तर आधी तेल वेळेवर बदल. त्याने नवीन झाकण ठेवलं, प्लगसाठी. मला राग आला नाही. त्याचं कारण माझ्या आलेखापेक्षा चांगलं होतं.

तुमच्यासाठी आता एक काम. आपल्या प्रस्तावातली मुख्य तुलना एका कागदावर लिहा आणि खाली चार ओळी भरा : फरक पडलाच तर कोणत्या वाटेने पडेल, अंदाजे किती पडेल, माझ्या उपकरणाला तो दिसेल का, आणि त्याच वेळी आणखी काय बदलतंय. शेवटी जुनं झाकण परत लावून पुन्हा मोजायची तयारी ठेवा. जुनं लावल्यावर जुने आकडे परत आले नाहीत, तर फरक झाकणाचा नव्हता.

दुसरी ओळ रिकामी राहिली तर अजून सिनॉप्सिस टाइप करू नका. मी केला होता.