चला तर मग!

आमच्या लहानपणी पाहुण्याला शहर दाखवायचं काम काका, मामा आणि टांगेवाले करीत. काका चुकीची माहिती देत, मामा ती दुरुस्त करीत आणि टांगेवाला दोघांनाही मोडीत काढी. त्यातून जे काय शिल्लक राही, त्याला आम्ही इतिहास म्हणत असू. आता ही तिन्ही खाती बंद झाली असून त्यांचा कारभार मोबाईलकडे गेला आहे, हे मला परवापर्यंत ठाऊक नव्हतं.

निवृत्त माणूस सकाळी दहानंतरही घरात दिसला, की घरच्यांना तो अडगळीसारखा वाटू लागतो. आमच्या चिरंजीवांनी माझा मोबाईल मागून घेतला, त्यात काहीतरी भरलं आणि वायरीचे इयरफोन माझ्या हातात ठेवले.

"बाबा, मुठेच्या काठानं चालायची फेरी आहे. बारा थांबे. बरोबर गाईड नाही, गर्दी नाही. कानात घालायचं आणि आपलं आपण चालायचं."

"आपलं आपण चालायला मला कानात काही घालावं लागत नाही," मी म्हटलं.

"जा हो," स्वयंपाकघरातून आवाज आला. "दोन तास कुणीतरी बोलेल आणि तुम्ही ऐकाल. बघू दे तरी कसं दिसतं ते."

निघालो. जिन्यात शेजारच्या वहिनींनी विचारलं, "कुठं निघालात सकाळी सकाळी?" मी सहज सांगून गेलो, "ओंकारेश्वरावर!" वहिनी जुन्या पुण्याच्या. एके काळी तिथं स्मशान होतं, आणि माणूस ओंकारेश्वरावर गेला म्हणजे काय झाला, हे त्यांना पक्कं माहीत. त्यांचा चेहरा उतरला. "परत येणार आहे," असा खुलासा करून मी पाय काढता घेतला.

आता फेरीबद्दल. बँकेच्या तपासणी खात्यात माझी पस्तीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका शोधण्यात गेली, त्यामुळे समीक्षा हा प्रांत मला अगदीच परका नाही. आणि चांगलं असेल ते आधी लिहावं, हा तपासनिसाचा शिरस्ता मी इथंही पाळणार आहे.

पहिला थांबा लकडी पूल. इयरफोन कानात बसवून बटण दाबलं, तर सतारीचे चार सूर झाले आणि एक गोड बाई म्हणाली, "नमस्कार! चला तर मग, मुठेच्या काठी!" बाईंचा आवाज खरोखरच छान. 'ण' आणि 'न' यांत फरक असतो हे माहीत असलेला. १७६१ साली पानिपतानंतर इथं लाकडी पूल उभारला गेला, पुढं लाकूड केव्हाच गेलं, पुलाला छत्रपती संभाजी महाराजांचं नाव दिलं गेलं, तरी पुणेकराच्या तोंडी पूल अजून लकडीच आहे, हे बाईंनी सुरेख सांगितलं. तीन मिनिटांत नेमकं सांगणं सोपं नाही. मला इंजेक्शनच्या भीतीबद्दल बोलायलासुद्धा पंधरा मिनिटं लागतात.

भिडे पुलाचीही माहिती चांगली. पावसाळ्यात खडकवासल्याहून पाणी सोडलं, की हा बुटका पूल आधी बुडतो. मग वर्तमानपत्रं ते ठळक छापतात आणि आपला पाऊस खऱ्या अर्थानं सुरू झाला असं आम्ही समजतो. झेड ब्रिजविषयी मात्र बाई फक्त त्याच्या आकाराबद्दल बोलल्या. संध्याकाळी त्या पुलाच्या कठड्याला एकेक दुचाकी आणि दुचाकीमागे दोन-दोन माणसं का टेकलेली असतात, यावर त्यांनी सोज्वळ मौन पाळलं. कदाचित ही फेरी सहकुटुंब ऐकायची असल्यामुळं असेल.

तक्रारी इथून पुढं सुरू होतात.

पहिली तक्रार चालीची. ही फेरी ज्या कोणी पायी मोजली, त्याचं वय पंचवीस असावं आणि त्याला गुडघे नसावेत. मी रस्ता ओलांडायला म्हणून एक पाय खाली टाकून, दुसरा टाकू की नको या विचारात उभा, आणि बाई कानात म्हणतात, "आता तुम्ही घाटाच्या पायऱ्यांपाशी पोचला असाल." नाही हो पोचलो! पण सांगायचं कोणाला? माणूस असता तर "थांबा हो जरा" म्हटलं असतं. बाई पायऱ्यांवरून पुढं गेल्या, पलीकडच्या काठावरचं बालगंधर्व रंगमंदिर दाखवून, ते १९६८ साली उभं राहिल्याचं सांगून मोकळ्याही झाल्या. मी अजून रिक्षावाल्याच्या नजरेला नजर देत रस्त्याच्या कडेलाच.

दुसरी तक्रार पाण्याची. दोन थांब्यांच्या मध्ये पाण्याचा आवाज भरलेला आहे. स्वच्छ, खळखळता, मधूनच एखादा पक्षी. डोळ्यांसमोर मात्र काळपट हिरवं पाणी अंगावर जलपर्णी ओढून स्वस्थ पडलेलं. कानात गंगोत्री आणि नाकात मुठा, अशा अवस्थेत मी जवळजवळ पाव किलोमीटर चाललो. हा आवाज कुठल्या नदीचा, ते बाईंनी सांगायला हवं होतं. जिची जागा घेतली तिची निदान क्षमा मागायची रीत आहे.

तिसरी तक्रार शब्दांची. 'समृद्ध' हा शब्द मी बोटांवर मोजायला सुरुवात केली. सहाव्या थांब्याला दोन्ही हातांची बोटं संपली. वारसा समृद्ध, परंपरा समृद्ध, काठ समृद्ध. आणि प्रत्येक थांब्याच्या शेवटी "चला तर मग!" घरी आलेल्या पाहुण्यानं चहा प्यायला लगेच "चला तर मग" म्हणावं, तसं. काही पाहुण्यांच्या बाबतीत हे सुखाचं असतं. पण ज्याच्याकडून अजून काही ऐकायचं आहे, तोच उठला तर?

बाजीरावांचा काळ चालू असताना डोक्यावरून मेट्रो गेली, ही तक्रार मात्र मी मागं घेतो. त्यात बाईंची चूक नाही. खरं तर मला ते आवडलंच. मेट्रोच्या स्टेशनाला पगडीचा आकार दिलेला आहे, त्यामुळं काळ फारसा बदलल्यासारखा वाटला नाही.

आठवा थांबा ओंकारेश्वर. थोरल्या बाजीरावांच्या काळातलं हे देऊळ. चिमाजीअप्पांची समाधी इथं आहे, १७३९ ची वसईची मोहीम त्यांचीच, हे सगळं बाईंनी नीट सांगितलं. मग सूर थोडा खाली आणून त्या म्हणाल्या, "१२ जुलै १९६१ रोजी पानशेतचं धरण फुटलं. पाठोपाठ खडकवासल्याचंही फुटलं. या महापुरात शहराची अपरिमित हानी झाली." सतारीचा एक सूर वाजला. "चला तर मग!"

मी बटण दाबलं. बाई थांबल्या. पुरासाठी त्यांनी किती वेळ दिला ते मी पुन्हा लावून घड्याळावर पाहिलं. अठ्ठावीस सेकंद. सवय जात नाही.

त्या दिवशी मी आठ वर्षांचा होतो. आम्ही नारायण पेठेत राहायचो. पानशेतचं धरण नवं कोरं, बांधकामाचा शेवटचा हात अजून फिरायचा होता. सकाळी ते फुटलं म्हणतात, असं कोणीतरी सांगत आलं आणि आमच्या वाड्यातले निम्मे पुरुष ते खरं का खोटं यावर वाद घालीत ओट्यावर बसले. निम्मे नदी बघायला गेले. आजी तांब्याच्या बंबाला सोडून यायला तयार नव्हती. वडिलांनी शेवटी एका हाताला आजी आणि दुसऱ्या हाताला बंब धरला, आणि आयुष्यभर "बंब हलका होता" असं सांगत राहिले. घरात हसायची आमची ती हक्काची गोष्ट. वाडा दुसऱ्या दिवशी बसला. आम्ही पर्वतीच्या बाजूला, सहकारनगरात गेलो, आणि तिथलेच झालो.

शाळा पुन्हा भरली तेव्हा माझ्या बाकावर मी एकटाच होतो. शेजारी बसायचा त्याला आम्ही पेन्सिल म्हणायचो. तब्येतीनंही तसाच आणि स्वतःची पेन्सिल कधी आणायचा नाही म्हणूनही. गुरुजींनी हजेरी घेताना त्याचं नाव दोन दिवस घेतलं. तिसऱ्या दिवशी घेतलं नाही. का घेतलं नाही हे मी विचारलं नाही, आणि त्यांनी सांगितलं नाही. त्या वर्षी गावात इतकं काय काय हरवलं होतं, की आठ वर्षांच्या पोरानं एका पोराबद्दल विचारायचं म्हणजे लाज वाटायची. घरात बंबाची गोष्ट निघाली, की हसून झाल्यावर मला हटकून तो बाक आठवतो. ते मी घरात कधी बोललेलो नाही.

"काय, क्रिकेट का?"

देवळाच्या ओट्यावर माझ्याच वयाचे एक गृहस्थ बसले होते. डोक्याला पांढरी टोपी, हातात भाजीची पिशवी. मी सांगितलं, क्रिकेट नाही, नदीची माहिती आहे.

"नदीची? ती तर समोर आहे."

"पुराचं सांगतायत."

"मला ऐकवा बघू."

मी एक बोंडी त्यांना दिली. वायर आखूड असल्यानं आम्हाला खांद्याला खांदा लावून बसावं लागलं. एका दाव्याला बांधलेले दोन म्हातारे बैल. अठ्ठावीस सेकंद आम्ही दोघं मान तिरकी करून ऐकत राहिलो. ऐकून झाल्यावर त्यांनी बोंडी काढली, धोतरानं पुसली आणि परत केली.

"बाई चांगली बोलते. पण पाणी आलं कुठनं, ते नाही सांगत. आम्ही सगळे नदीकडं तोंड करून उभे. आणि पाणी आलं मागनं. गटारांतनं. माझी चुलती ओरडली म्हणून आम्ही वळलो." ते जरा थांबले. "वळलो म्हणून आहे."

मग ते बोलू लागले आणि मी ऐकू लागलो. नळ बंद पडल्यावर वाड्यांतल्या बुजलेल्या विहिरी कशा उपसल्या, लष्कराच्या जवानानं त्यांना बिस्किटाचा पुडा दिला तो त्यांनी किती दिवस फोडला नाही, चिखल वाळल्यावर त्याला कसला वास यायचा. मध्येच मी "नाही नाही, विहीर आमच्या वाड्यात होती" म्हणून वाद घातला. मध्येच त्यांनी मला खोटं पाडलं. तास कसा गेला कळलं नाही. फेरीचा सर्वांत उत्तम थांबा हाच, आणि तो बटण बंद असताना झाला, याची नोंद तपासणी अहवालात करणं मला भाग आहे.

उठताना मी पेन्सिलचं खरं नाव आणि आडनाव सांगून विचारलं, माहीत आहे का. त्यांनी बराच विचार केला.

"नाही बुवा. पण पूरग्रस्तांना किती ठिकाणी घरं दिली. गोखलेनगरला बघितलंत?"

साठाहून अधिक वर्षं झाली. गोखलेनगर माझ्या घरापासून असून असून किती लांब असणार! तिथून मी बसनं शेकडो वेळा गेलो असेन. बघितलं नव्हतं. जोवर बघितलं नाही तोवर तो तिथं असू शकत होता, हे त्यामागचं कारण मला तिथं ओट्यावर उभ्या उभ्या कळलं. ते मी त्या गृहस्थांना सांगितलं नाही.

उरलेले चार थांबे मी घरी झोपाळ्यावर बसून ऐकले, हे प्रामाणिकपणे नमूद करतो. १९२३ साली झालेल्या पुलाला पुणं अजून 'नवा पूल' म्हणतं, हे मला झोपाळ्यावरही तितकंच गमतीचं वाटलं. शेवटी मुळा-मुठेचा संगमही पाय न दुखता झाला. जी फेरी झोपाळ्यावर इतकी नीट होते, तिला नदीची गरज कितपत, हा प्रश्न फेरी करणाऱ्यांनी स्वतःला विचारावा.

तरीही ज्यांना गुडघे आहेत त्यांनी ही फेरी जरूर करावी, असं माझं मत आहे. आम्ही पुराच्या पाण्यात पाय बुडवलेली मंडळी आता मोजकीच उरलो. आम्ही गेल्यावर त्या दिवसाबद्दल बोलायला ह्या बाईच असणार, आणि त्या जेवढं बोलतील तेवढंच झालं असं पुढचे लोक धरून चालणार. म्हणून माझी एकच सूचना आहे. आठव्या थांब्याला अठ्ठावीस सेकंदांनंतर सतार वाजवू नका. "चला तर मग" म्हणू नका. "शेजारी कोणी म्हातारं माणूस बसलं असेल, तर त्याला विचारा" एवढं सांगा आणि टेप कोरी सोडा. अजून चार-दोन वर्षं तरी कोणी ना कोणी बसलेलं असेल.

रात्री चिरंजीवांनी विचारलं, "कशी वाटली, बाबा?"

"चांगली आहे. आठव्या थांब्यापर्यंत."

"आणि पुढं?"

"पुढं रविवारी गोखलेनगरला जायचंय."

"तिथली पण फेरी आहे? कोणाची?"

"नाही," मी म्हटलं. "तिथं विचारत विचारत जावं लागेल."

स्वयंपाकघरातून आवाज आला, "मी येते बरोबर. तुम्हाला विचारता येत नाही."