लाल पिसांची नवरी कुणाच्या भिंतीवर?

पेगी गुगेनहाइमवर काहीही वाचायला घेतलं की दुसऱ्या-तिसऱ्या परिच्छेदात तिच्या प्रियकरांची यादी येते. सॅम्युअल बेकेट, इव्ह ताँगी, माक्स एर्न्स्ट वगैरे. मग लेखक घसा खाकरतो आणि तिच्या चित्रसंग्रहाकडे वळतो, जणू इथून खरा विषय सुरू झाला. १९४६ साली तिनं स्वतःच सगळं आत्मचरित्रात लिहून टाकलं, तेव्हाही ते बऱ्याच जणांनी चघळण्यासारखं गॉसिप म्हणूनच वाचलं. मला ही विभागणी पटत नाही. का पटत नाही, ते तिच्या संग्रहातल्या एका चित्रावरून सांगते.

एर्न्स्टनं १९४० मध्ये रंगवलेलं हे चित्र. नावाचा मराठीत अर्थ साधारण ‘नवरीचा साजशृंगार’. मी व्हेनिसला गेलेले नाही. हे चित्र मी फोनवर, दोन बोटांनी मोठं करत करत पाहिलंय. मध्यभागी एक बाई उभी आहे, अंगावर रक्तासारख्या लाल पिसांचा पायघोळ झगा. झगा पुढून उघडा, आत काहीच नाही. चेहऱ्याच्या जागी घुबडासारख्या पक्ष्याचं डोकं. नीट पाहिलं तर त्या पिसांतून एक माणसाचा डोळा तुमच्याकडे बघतोय. डावीकडे हिरव्या अंगाचा पक्षीमानव भाला घेऊन उभा. उजवीकडे दुसरी एक नग्न स्त्री, तिला नवरी हातानं बाजूला सारते आहे. आणि खाली कोपऱ्यात चार स्तनांचं, पोट सुटलेलं एक छोटंसं हिरवं प्राणी-बाळ रडतंय. पहिल्यांदा मी नवरीकडेच बघत राहिले. आता उघडलं की आधी त्या रडणाऱ्याकडे लक्ष जातं.

ही नवरी म्हणजे लिओनोरा कॅरिंग्टन, असं अनेक अभ्यासक मानतात. १९३७ मध्ये लंडनला ती एर्न्स्टला भेटली तेव्हा वीस वर्षांची होती, तो शेहेचाळीसचा. पुढे दोघं फ्रान्समधल्या एका खेड्यात घर करून राहिले. युद्ध सुरू झालं, एर्न्स्ट जर्मन म्हणून फ्रेंचांनी त्याला छावणीत टाकलं. लिओनोरा कोलमडली, स्पेनला पळाली, आणि तिथं सांतांदेरच्या मनोरुग्णालयात तिचे भयंकर हाल झाले. एर्न्स्ट स्वतःला चित्रांत नेहमी पक्षी म्हणून दाखवायचा, म्हणजे तो भालेवाला कोण, हे ओळखायला फार डोकं लागत नाही.

आता पेगी. वडील बेंजामिन गुगेनहाइम टायटॅनिकवर गेले, एकविसाव्या वर्षी वारसा हातात आला. जानेवारी १९३८ मध्ये तिनं लंडनच्या कॉर्क स्ट्रीटवर गॅलरी उघडली. त्या वेळी आधुनिक कलेतलं तिला फारसं काही कळत नव्हतं, हे ती मोकळेपणानं कबूल करते. शिकवलं मार्सेल द्युशाँनं. अतिवास्तववादी कोण, अमूर्तवाले कोण, कुणाचं कुणाशी पटत नाही, सगळं. प्रदर्शनात चित्रं खपली नाहीत तर चित्रकार हिरमुसायला नको म्हणून ती गुपचूप एखादं स्वतः विकत घ्यायची. संग्रहाची सुरुवात अशी झाली. गुंतवणूक सल्लागार वाचून हसतील.

त्या काळात कधीतरी ती पॅरिसला एर्न्स्टचं चित्र विकत घ्यायला गेली. स्टुडिओत लिओनोरा होती. पेगी बाहेर पडली ती लिओनोराचं चित्र घेऊन, ‘लॉर्ड कॅन्डलस्टिकचे घोडे’. नावाजलेल्या माणसाच्या घरी जाऊन, बाजूला बसलेल्या, कुणाला फारशी माहीत नसलेल्या मुलीचं चित्र उचलायचं, याला नजर लागते. हर्बर्ट रीडनं दिलेल्या यादीवरून तिनं बाजारहाट केला, असं तिच्याबद्दल कायम म्हटलं जातं. यादी होतीच, पण हे चित्र कुठल्या यादीतलं नव्हतं.

पुढे १९३९-४० च्या हिवाळ्यात पॅरिसमध्ये रोज एक चित्र घ्यायचं, असा तिनं सपाटा लावला. जर्मन फौजा जवळ येत होत्या आणि चित्रकारांना पैशांची निकड होती. चित्रं सुरक्षित ठेवायला जागा मागितली तर लूव्हर संग्रहालयाकडून नकार आला: जपून ठेवण्याइतकी ती मोलाची नाहीत. शेवटी ती चादरी आणि स्वयंपाकाच्या भांड्यांबरोबर बांधून, घरसामान म्हणून अमेरिकेला गेली.

१९४१ मध्ये मार्सेय शहरात ती पुन्हा एर्न्स्टला भेटली. तो छावणीतून सुटून व्हिसाची वाट बघत होता. त्याच्या आणि आंद्रे ब्रेताँच्या कुटुंबाच्या प्रवासाचा खर्च तिनं उचलला. आणि त्याच भेटीत तिनं एर्न्स्टची कितीतरी जुनी चित्रं दोन हजार डॉलरला घेतली. त्यातूनही आधी पाठवलेले पैसे वजा. हे ती स्वतः लिहिते, लाजत नाही. मी इथं बराच वेळ अडकले. जीव वाचवणं आणि घाऊक खरेदी एकाच दुपारी? अडलेल्या माणसाशी हा सौदा झाला, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण ज्यांनी पैसे आणि मैत्री कधी मिसळली नाही, त्यांच्यातल्या किती जणांनी त्या वर्षी मार्सेयला जाऊन कुणाचं तिकीट काढलं, हेही विचारायला हवं.

लिस्बनमध्ये विमानाची वाट बघताना लिओनोरा पुन्हा समोर आली. ती आता मेक्सिकोच्या रेनातो लेदुकबरोबर होती. एर्न्स्ट तिच्यामागे फिरत होता, आणि पेगी हे सगळं बघत होती. जुलैमध्ये पेगी, तिचा माजी नवरा, त्याची बायको, सगळ्यांची मुलं आणि एर्न्स्ट असे एकाच विमानानं न्यूयॉर्कला गेले. (नाटकात घातलं तर अतिशयोक्ती वाटेल.) डिसेंबरमध्ये पेगी आणि एर्न्स्टनं लग्न केलं. त्यानंतरही तो लिओनोराच रंगवत राहिला, आपल्याला रंगवत नाही, याचं दुःख पेगीनं लपवलेलं नाही.

म्हणून हे चित्र तिच्या भिंतीवर असणं मला महत्त्वाचं वाटतं. चित्राचा अर्थ चौकटीत संपत नाही. नवरी ज्या स्त्रीला हातानं बाजूला सारतेय ती कोण, हे एर्न्स्टनं सांगितलं नाही. पण ज्या घरात ते लागलं, त्या घराच्या मालकिणीला रोज त्या हाताखालून जावं लागलं असणार. तिनं ते विकलं नाही, माळ्यावरही टाकलं नाही. मत्सर होता आणि चित्र चांगलं होतं, दोन्ही तिला एकदम दिसत होतं. समीक्षक म्हणून सांगते, हे जमणं सोपं नाही. मला न आवडणाऱ्या कवीची चांगली कविता वाचताना माझेही दात आवळले जातात.

२० ऑक्टोबर १९४२ ला न्यूयॉर्कमध्ये तिची नवी गॅलरी उघडली. फ्रेडरिक कीस्लरनं अतिवास्तववाद्यांची खोली बोगद्यासारखी केली होती: भिंती वाकवलेल्या, चित्रांना चौकटी नाहीत, कापलेल्या बेसबॉल बॅटींवर ती भिंतीतून पुढे आलेली. दिवे मधूनच मालवायचे, आगगाडीचा आवाज यायचा. त्या संध्याकाळी तिच्या एका कानात काल्डरनं केलेलं कानातलं होतं आणि दुसऱ्यात ताँगीनं. अमूर्त आणि अतिवास्तव, कुणाचीच बाजू घेणार नाही म्हणून. सगळे ही गोष्ट गंमत म्हणून सांगतात. मला त्यात दिसतं ते एवढंच, की तिची भूमिका मांडायलाही तिला मित्रांनी हातानं केलेल्या वस्तू लागल्या.

जानेवारी १९४३ मध्ये तिनं फक्त एकतीस स्त्रियांचं प्रदर्शन भरवलं. फ्रिडा काहलो होती, लिओनोरा होती. चित्रं निवडायला एर्न्स्ट डोरोथिया टॅनिंगच्या स्टुडिओत गेला आणि तिच्याच प्रेमात पडला. तीसच बायका घ्यायला हव्या होत्या, असं पेगी नंतर म्हणायची. विनोद चांगला आहे. माझी तक्रार वेगळी आहे. एकतीस जणींना भिंत देणारी ही बाई स्वतःच्या संग्रहात मात्र स्त्रियांना फार थोडी जागा देऊन गेली. स्वप्नात दिसणारी बाई अतिवास्तववाद्यांनी खूप रंगवली, आणि पेगीनं ती खूप विकत घेतली. स्वप्न बघणारी बाई त्या मानानं कमीच.

‘घोडे’ आज व्हेनिसच्या संग्रहात नाहीत. पण लिओनोराचं दुसरं एक चित्र आहे, १९५९ मधलं, तोपर्यंत ती मेक्सिकोची झाली होती. नावात एक डुकरासारखा हुंकार आहे, ‘ऑइंक’, आणि पुढे कंसात, ते तुझे डोळे पाहतील, अशा अर्थाचे शब्द. मी ते फोनवर उघडून नवरीच्या शेजारच्या टॅबमध्ये ठेवलंय. कधी या टॅबवर, कधी त्या टॅबवर. लाल पिसांतला तो एक डोळा कुणाचा, ते अजून ठरत नाही.